रंग, सुई आणि माग

(शिक्षक, पंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. गावे दोन असली तरी नगरपालिका एक आणि नावही जोडूनच घेतले जाते. हीच कुंडलिका पश्चिमेला वाहत जाऊन रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते आणि त्या मुखाशी प्राचीन चौल बंदर आहे. सूत, रंग आणि विणकाम यांविषयी अष्टमीत बोलावयाचे, तर नदीच्या प्रवाहाबरोबर चौलपर्यंत जाऊन येणे अगत्याचे आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात आलेला डच प्रवासी लिन्शोटेन याने चौलच्या रेशमी कापडाची नोंद करून ठेवली आहे. चीनमधून कच्चे रेशीम येई. ते चौलमध्ये कातले व विणले जाई आणि तयार वस्त्र दूरदेशी रवाना होई. पोर्तुगीजांच्या ताब्यातून चौल १७४० मध्ये मराठ्यांकडे आले. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून तेथील व्यापाराला उतरती कळा लागली होती. सतराव्या शतकात इंग्रजांनी मुंबई बेटाची उभारणी आरंभली, तेव्हा चौलचे विणकर तेथे नेऊन वसविण्याचे प्रयत्न झाले. ज्या बंदराची ख्याती मागावर उभी होती, तेथे आज नारळ-सुपारीच्या वाड्या आणि तटबंदीचे अवशेष पाहावयास मिळतात.

यातून पहिला बोध असा की, कला भूमीला चिकटून राहत नाही. ती माणसांच्या हातात राहते. हात दुसरीकडे गेले की कलाही जाते. तिला पुन्हा आणावयाचे असेल, तर तेवढ्याच धीराने नवे हात शिकवावे लागतात.

कोकणच्या बाबतीत ही गोष्ट पुन्हा एकदा घडली. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली आणि पुढील शंभर-सव्वाशे वर्षे रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्गाच्या गावांतून माणसे गिरणगावात जात राहिली. त्यांच्यातील कितीतरी जण साचेखात्यात लागले. ‘साचेवाला’ हा शब्द कोकणातल्या घराघरांत परिचित झाला. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार सहभागी झाले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि अनेक कामगार गावी परतले. ताणा कसा ताणावा, तुटलेला धागा क्षणात कसा जोडावा, कापडातला दोष बोटाने कसा ओळखावा, हे ज्ञान त्यांच्याबरोबर गावात आले. पण गावात माग नव्हता. त्यामुळे ते ज्ञान आठवणीतच राहिले.

एक क्रियापद, अनेक हात

मराठीत ‘विणणे’ हा शब्द फार उदार आहे. मागावर कापड विणतात, दोन सुयांवर स्वेटर विणतात, कोळी जाळे विणतो, बुरूड टोपली विणतो, खाटेची बाजही विणतात. भाषेने या सर्वांना एकाच घरात बसविले, ते उगीच नव्हे. सुट्या, दुबळ्या धाग्यांची किंवा पात्यांची एकमेकांत गुंफण करून बळकट वस्तू तयार करावयाची, हे सर्वांचे मर्म एकच आहे.

मात्र मर्म एक असले तरी रीती भिन्न आहेत. सुयांवरच्या विणकामात बहुधा एकच धागा असतो. त्याचे फास एकातून एक ओढले जातात. सुलट आणि उलट असे दोन टाके आले की पुढची बहुतेक वीण त्यांच्याच मेळातून निघते. फासांना ताणण्यास व सैल होण्यास वाव असल्याने ही वीण अंगाबरोबर ताणते. म्हणून मोजे, कानटोपी आणि तान्ह्या बाळाचे झबले-टोपडे याच रीतीने करतात. टाका चुकला तर उसवता येतो, धागा पुन्हा गुंडाळून नव्याने आरंभ करता येतो. शिकाऊ हाताला याहून क्षमाशील विद्या सापडणे कठीण.

मागाची रीत वेगळी. येथे धाग्यांचे दोन समूह असतात. उभा, ताणून बसविलेला तो ताणा. आडवा, धोट्यातून जाणारा तो बाणा. पावडी दाबली की ताण्याचे अर्धे धागे वर उचलले जातात, अर्धे खाली राहतात. मधल्या वाटेने धोटा जातो आणि फणी तो आडवा धागा ठोकून बसविते. दुसरी पावडी दाबली की खालचे धागे वर येतात. क्रिया एवढीच, परंतु ती आरंभण्यापूर्वी सर्व हिशेब पुरा झालेला असावा लागतो. रुंदी किती, इंचात धागे किती, लांबी किती, रंगांचा क्रम कोणता, हे ताणा बसविण्यापूर्वीच ठरते. सुईवर चालता चालता विचार करता येतो. मागावर विचार करून मगच बसावे लागते.

म्हणून या दोन रीती एकमेकींच्या स्पर्धक नसून पूरक आहेत. ज्या मुलीने किंवा गृहिणीने सुयांवर वर्षभर काम केले आहे, तिच्या बोटांना धाग्याचा ताण कळतो. किती ओढले असता धागा तुटेल आणि किती सैल सोडले असता वीण ढिली पडेल, हे तिला शब्दांत सांगावे लागत नाही. मागाच्या शिक्षणातील अर्धी अडचण तेथेच दूर होते. आपल्या गावांत असे हात आहेत. थंडीचे दिवस जवळ आले की नातवंडांसाठी लोकरीचे विणकाम काढणाऱ्या आजी आणि मावशी प्रत्येक आळीत असतात. शिक्षणक्रम आखताना त्यांची गणना नवशिक्यांत करणे योग्य होणार नाही.

रंगाची शाळा

सूत हाताने रंगविणे ही या त्रयीतील तिसरी विद्या. रायगड जिल्ह्याच्या जंगलात तिची सामग्री बऱ्याच प्रमाणात उपलब्ध आहे. हिरड्याच्या फळात टॅनिन असते. पळसाच्या फुलांतून पिवळा रंग निघतो. खैराच्या गाभ्याच्या लाकडापासून मिळणारा काथ तपकिरी छटा देतो. कातकरी समाजाचे नावच काथ काढण्याच्या व्यवसायावरून पडले आहे. काथ विड्यात जातो हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु कापड, शिडे आणि मासेमारीची जाळी रंगविण्यासाठी व टिकविण्यासाठीही त्याचा जगभर उपयोग झाला आहे. ज्या समाजाच्या नावातच एक रंगद्रव्य आहे, त्याच्याकडे या विषयात लाभार्थी म्हणून पाहावे की जाणकार म्हणून, याचा विचार योजना आखणाऱ्यांनी अवश्य करावा.

वनस्पतीचा रंग उकळून त्यात सूत बुडविले म्हणजे रंगकाम झाले, असा समज आढळतो. तो खरा नव्हे. सुती धागा रंगाला सहजासहजी धरून ठेवीत नाही. प्रथम सूत सोडा व साबणाच्या पाण्यात उकळून त्यातील मेण व तेलकटपणा काढावा लागतो. नंतर त्यास हिरड्याच्या पाण्याचा आणि तुरटीचा संस्कार द्यावा लागतो. शंभर ग्रॅम सुताला साधारणतः पंधरा ते वीस ग्रॅम तुरटी पुरते. तुरटीऐवजी हिराकस वापरल्यास तोच रंग काळपट होतो. लोकर व रेशीम हे प्राणिज धागे असल्याने तुरटीच्या साहाय्याने रंग अधिक सुलभतेने घेतात. मात्र लोकर एकदम गरम पाण्यातून थंड पाण्यात टाकली किंवा फार घुसळली तर ती आटते आणि तिचा गोळा होतो. हळदीचा पिवळा रंग मनोहर दिसतो, पण उन्हात टिकत नाही. विक्रीसाठी हळदीने रंगविलेले सूत वापरले, तर ग्राहक दुसऱ्यांदा येणार नाही.

निळीची गोष्ट आणखी निराळी. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिचे क्षपण करणाऱ्या द्रावणात ती उतरवावी लागते. त्यातून सूत बाहेर काढले की ते हिरवट पिवळे दिसते आणि हवेचा स्पर्श होताच पाहता पाहता निळे होते. माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकाला ऑक्सिडीकरण शिकविण्यासाठी याहून चांगला प्रयोग सहसा मिळणार नाही.

रंगांच्या इतिहासात जगाचे अर्थकारणही सामावले आहे. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनज्ञाने डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग तयार केला. १८६८ मध्ये मंजिष्ठेतील लाल रंगद्रव्य जर्मन शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनविले आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. त्यानंतर हिंदुस्थानातील निळीची लागवड झपाट्याने घटली. आज रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांचे व रंगद्रव्यांचे कारखाने आहेत. म्हणजे रंगाच्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही युगांचे दर्शन या एकाच परिसरात घडते.

नैसर्गिक रंग तेवढे पवित्र आणि कृत्रिम तेवढे त्याज्य, अशी विभागणी करणे सोपे असले तरी ती शास्त्राला धरून नाही. काही विशिष्ट अ‍ॅझो रंग आरोग्यास घातक ठरल्याने भारत सरकारने १९९० च्या दशकात त्यांच्यावर बंदी घातली, ही गोष्ट खरी. परंतु १९५६ पासून प्रचारात आलेले, कोमट पाण्यात सोड्याच्या साहाय्याने सुतावर पक्के बसणारे रंग काळजीपूर्वक वापरता येतात. उलटपक्षी, वनस्पतिजन्य रंगाबरोबर वापरलेले मोरचूद बेफिकिरीने नाल्यात सोडले, तर तेही अपायकारकच. रंग कोणताही असो, उरलेले पाणी कुंडलिकेत किंवा विहिरीजवळ जाऊ नये. शिक्षणाच्या पहिल्याच दिवशी रंगाच्या हौदाबरोबर सांडपाण्याची व्यवस्था दाखविली पाहिजे. रंग मोजून घेणे, उरलेला रंग पुन्हा फिक्या छटेसाठी वापरणे, हातमोजे घालणे आणि रंगाची भांडी स्वयंपाकापासून वेगळी ठेवणे, हे नियम गौण नाहीत. ते विद्येचाच भाग आहेत.

सूत आणि शिक्षण

या प्रदेशाचा या विषयाशी आणखी एक जिव्हाळ्याचा संबंध आहे. पेण तालुक्यातील गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील बडोद्यास नोकरीला होते आणि रंगाईचे प्रयोग करण्याची त्यांना आवड होती. विनोबांनी आश्रमात मागावर काम केले, पुढे कताईला वाहून घेतले आणि वर्ध्याजवळ नालवाडी येथे कताईच्या मजुरीवर जगता येते काय, याचा प्रयोग स्वतःवर केला. सुताच्या प्रश्नाकडे त्यांनी केवळ भावनेने पाहिले नाही. वेळ, वेग आणि मजुरी यांचा हिशेब मांडूनच ते त्याकडे वळले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. तीतून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मूलोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची योजना देशापुढे आली. कातणे व विणणे हा त्यांतील प्रमुख उद्योग होता. उद्योगाच्या आर्थिक बाजूवर भर देण्याच्या नादात शिक्षणाची बाजू दुर्लक्षिली जाण्याचा धोका आहे, असा इशारा त्या समितीने दिला होता. पुढे अनेक ठिकाणी नेमके याच्या उलटही घडले. उद्योगही झाला नाही आणि शिक्षणही झाले नाही, केवळ वेळापत्रकात एक तासिका भरली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली, तिचीही कित्येक शाळांत अशीच गत झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात घालविण्याची कल्पना मांडली आहे. आधीच्या दोन संधींचे काय झाले हे आठवूनच तिसरी संधी हाती घेतली पाहिजे.

मागावर गणित कसे जिवंत होते, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. वीस इंच रुंदीचे उपरणे विणावयाचे आहे आणि इंचात चोवीस धागे ठेवावयाचे आहेत. म्हणजे ताण्याला ४८० धागे झाले. प्रत्येक धागा अडीच मीटर लांब धरला तर १,२०० मीटर सूत लागेल. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात ती संख्या. वीस नंबरी दुपदरी सूत घेतले, तर त्याचा परिणामी नंबर दहा होतो आणि एका ग्रॅममध्ये सुमारे सतरा मीटर सूत येते. केवळ ताण्यासाठी सत्तर ग्रॅम आणि बाण्यासह सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर सूत पुरेल, हे सातवीचा विद्यार्थी काढू शकतो. मग तुरटी किती, हे तो न विचारता सांगेल. पट्ट्यांचा क्रम लावताना गुणोत्तर, आकृती काढताना आलेख, रंग उकळताना तापमान, असा एकेक विषय धाग्याला धरून येतो. मात्र त्यासाठी गणिताच्या शिक्षकाने मागाजवळ येऊन बसले पाहिजे.

पोटाचा प्रश्न

या विद्येतून उपजीविका होईल काय, हा प्रश्न टाळता येणार नाही. पंचायत सदस्यांना गावकरी तोच विचारतील आणि त्यांना खरे उत्तर मिळण्याचा हक्क आहे.

देशातील चौथी हातमाग गणना २०१९-२० मध्ये झाली. तीनुसार हातमाग व्यवसायात सुमारे ३५ लक्ष २२ हजार कामगार होते. त्यापूर्वीच्या २००९-१० च्या गणनेत हीच संख्या ४३ लक्ष ३१ हजार होती. दहा वर्षांत आठ लक्षांची घट. विणकरांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे ७२ टक्के आहे. यंत्रमागाच्या स्वस्त कापडाशी हातमागाने साध्या कापडात स्पर्धा करावी, हे आता शक्य नाही. त्याची जाणीव राज्यकर्त्यांनाही पूर्वीपासून होती. रायगड जिल्ह्याचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये गिरणीच्या कापडावर वारामागे तीन पै जादा कर बसवून तो पैसा खादी व हातमागाच्या विकासासाठी वापरण्याचा कायदा झाला. १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे सुरू झाली आणि १९८५ मध्ये काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवण्यात आले. तरीही, कायदा बाजार निर्माण करू शकत नाही, तो केवळ थोडी सावली देऊ शकतो, असाच अनुभव आला.

जेथे हातमाग टिकला, तेथे त्याने यंत्राला न जमणारी किंवा न परवडणारी वस्तू हाती धरली. येवल्याची पैठणी याचे ठळक उदाहरण होय. तिचा पदर लहान लहान कांड्यांनी, रंगागणिक धागा गुंतवीत हाताने भरावा लागतो. घोंगडीचे उदाहरणही बोलके आहे. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर, तिचे हातांनी काढलेले सूत, चिंचोक्याची खळ आणि सनगरांचा खड्ड्याचा माग, अशी साखळी देशावर शतकानुशतके चालली. त्या साखळीतील एक कडी निसटली की उरलेल्या कड्या निरुपयोगी होतात.

साखळीचे महत्त्व समजण्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. पेणच्या गणेशमूर्ती सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पेण आणि हमरापूर परिसरात हा उद्योग वर्षभर घरोघरी चालतो. माती वा प्लास्टर आणणारा, साचा करणारा, मूर्ती काढणारा, रंगविणारा, डोळ्यांची आखणी करणारा, मूर्ती बांधून बाहेरगावी पाठविणारा, असे सर्व हात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. तेथे नवशिका मुलगा वर्गात नव्हे, तर चालू कामात शिकतो, आणि शिकलेल्या हाताला दुसऱ्या दिवशी काम असते. पंधरा दिवसांच्या वर्गानंतर प्रमाणपत्र घेऊन घरी गेलेल्या स्त्रीला दुसऱ्या दिवशी सूत कोठून आणावे हेच ठाऊक नसेल, तर दोष तिच्या चिकाटीचा नव्हे. साखळीच जोडलेली नव्हती.

करता येण्याजोगे

या दृष्टीने काही गोष्टी ग्रामपंचायत, शाळा आणि बचत गट यांच्या आवाक्यातील आहेत.

शिक्षणाचा क्रम हातांना परिचित असलेल्या कामापासून असावा. प्रथम सुयांवरचे विणकाम, कोकणच्या हवेला मानवणाऱ्या सुती धाग्यात. त्याबरोबर लहान लड्या रंगविणे. मग साध्या लाकडी चौकटीवर पट्टे व आसने विणणे आणि शेवटी पावड्यांचा माग. चौकट गावचा सुतार करून देऊ शकतो. स्वतः रंगविलेले सूत स्वतः विणताना शिकणाऱ्याला आपल्या रंगाचे गुणदोष आपोआप कळतात, म्हणून या विद्या एकत्र शिकविण्यात लाभ आहे.

शिक्षणाचा काळ दिवसांत न मोजता वस्तूंत मोजावा. दहा नमुने, चार लड्यांच्या छटा, दोन विकण्याजोग्या वस्तू, एवढे झाले म्हणजे पहिली पायरी पुरी झाली, असे धरावे. प्रत्येक रंगाचा नमुना पुठ्ठ्यावर चिकटवून त्याखाली सूत, तुरटी, रंगद्रव्य यांची वजने आणि तारीख लिहावी. नमुन्याचा अर्धा भाग उन्हात व अर्धा सावलीत पंधरा दिवस ठेवून रंगाचा पक्केपणा तपासावा. असे एक नमुनापुस्तक गावाच्या ग्रंथालयात राहिले, तर पुढच्या तुकडीला पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागणार नाही.

सूत एकत्रितपणे विकत घ्यावे. एकेकटीने दोन-चार लड्या घेतल्यास भाव चढा पडतो. बचत गटाने सुताचा लहानसा साठा ठेवला आणि उधारीची वही नीट राखली, तर हा अडथळा दूर होतो. मागही प्रत्येकीच्या घरी असण्याची आवश्यकता नाही. समाजमंदिरात दोन माग आणि त्यांचे वेळापत्रक, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मजुरीचा हिशेब उघडपणे मांडावा. उपरण्याला सूत किती रुपयांचे, रंग किती रुपयांचा, ताणा लावण्यास व विणण्यास तास किती, आणि विक्रीची किंमत किती, हे फळ्यावर लिहावे. तासाची मजुरी शेतमजुरीहून कमी पडत असेल, तर तेही लिहावे. मग वस्तू बदलावी, रचना बदलावी, की हे काम पूरक उत्पन्नापुरते ठेवावे, हे त्या स्त्रिया स्वतःच ठरवतील. घरातील स्त्रीचे काम फुकटचे धरून काढलेला नफा हा नफा नसतो. हा हिशेब टाळून दिलेले आश्वासन काही महिन्यांत उघडे पडते आणि त्यानंतर गावात दुसरी योजना आणणेही कठीण होते.

सर्वांनाच यातून पूर्ण रोजगार मिळेल, असे म्हणता येणार नाही. काहींना पूरक उत्पन्न मिळेल, काही मुलांना गणित व रसायन यांची गोडी लागेल, आणि एखाद-दुसरा हात असा निघेल की ज्याला हीच विद्या आयुष्याची वाट वाटेल. अशा हाताला पुढे विणकर सेवा केंद्रापर्यंत पोहोचविणे हे विस्तार अधिकाऱ्यांचे काम आहे. साचेखात्यात आयुष्य घालविलेले कोणी वृद्ध कामगार अजून गावात असतील, तर त्यांना सन्मानाने बोलावून त्यांच्याकडून ताणा लावून घ्यावा. ती संधी दर वर्षी कमी होत आहे.

चौलचे माग थांबले, गिरण्यांचे साचे थांबले. दोन्ही वेळी निर्णय दूरच्या बाजारात आणि दूरच्या कचेऱ्यांत झाले. कुंडलिकेच्या काठच्या माणसांना त्यात फारसे बोलता आले नाही. समाजमंदिरातील दोन मागांचा निर्णय मात्र गावाच्या हाती आहे. त्याचा हिशेब ग्रामसभेत मांडता येईल, फसल्यास कारण शोधता येईल आणि साधल्यास शेजारच्या गावाला दाखविता येईल. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तेवढा एक विषय घ्यावा, ही सर्वांना विनंती आहे.